फ्रिज मारल्याने चालू होत नाही, हे दारावर दाखवणेबाबत

प्रति,
मा. सदस्य सचिव,
घरगुती विद्युत उपकरणे नियम फेरआढावा समिती,
नवी मुंबई.

अर्जदार: सौ. मनस्वी विपुल मढवी, वय २६, गृहिणी, रा. नावडे, ता. पनवेल.

विषय: वीज परत आल्यानंतर फ्रिज किती मिनिटे थांबणार आहे हे सांगणारा दिवा दारावर बसवणे, वीजबचत व रचनेच्या नव्या नियमांत सक्तीचे करणेबाबत.

संदर्भ: हरकती व सूचना मागविणारी आपली जाहीर सूचना. शेवटची तारीख २० नोव्हेंबर २०२५.

महोदय,

सामान्य ग्राहकांनीही घरातले अनुभव कळवावेत असे आपल्या सूचनेत म्हटले आहे, म्हणून हे धाडस. माझे शिक्षण बारावी विज्ञान. प्रॅक्टिकलच्या वहीत निरीक्षण आधी आणि अनुमान नंतर लिहायचे असते, तेवढी शिस्त अजून हातात आहे. मुलगा दुपारी झोपतो तेवढाच वेळ माझा, त्यामुळे अर्ज तुकड्यातुकड्यांनी झाला आहे, तो सांभाळून घ्यावा.

१. आमच्याकडे माझे सासरे कै. देवजी मढवी यांनी घेतलेला जुना फ्रिज होता. तो मध्येच बंद पडायचा. प्रसाद नावाच्या मेकॅनिकने मागच्या बाजूला बसून कॉम्प्रेसरवर रबरी हातोडीने एक ठोका दिला आणि फ्रिज घरघरत सुरू झाला. "जाम होतो कधीकधी. हलकासा ठोका, बस," असे ते म्हणाले. त्यातला 'हलकासा' त्यांच्याबरोबरच निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून हातोडीच्या जागी कपड्यांचे धोपटणे आले आणि ते माझे यजमान विपुल यांच्या हातात गेले. फ्रिज बंद पडला की धोपटणे. आणि तो चालू व्हायचा, हे मला प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. जुना फ्रिज मार खाऊन खरोखरच चालू व्हायचा.

२. मागच्या वर्षी पाच ताऱ्यांचा नवा फ्रिज आणला. आमच्याकडे दिवसातून दोन-तीनदा वीज जाते. परत आली की पंखा फिरतो, दिवे लागतात, हा मात्र गप्प. माहितीपुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर बारीक इंग्रजीत लिहिले आहे, की कॉम्प्रेसरला इजा होऊ नये म्हणून तो सुमारे पाच मिनिटे थांबतो आणि मग आपोआप सुरू होतो. दारावर तारे आहेत, वर्षाचे युनिट आहेत, लिटर आहेत. पाच मिनिटे थांबा, एवढे नाही. त्या पाच मिनिटांत विपुल त्याला मारतात. पाच मिनिटे झाली की तो चालू होतो. मग धोपटणे ओट्याखाली ठेवून, घाम पुसून विपुल म्हणतात, "बघ. याला हीच भाषा कळते."

सासूबाई श्रीमती गोजरा यांचेही मत तेच. मी त्यांना पुस्तिका वाचून दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "पुस्तकान काय बी असल. पाच हानल्याबिगर तो चालू नाय व्हत, मना म्हाईत हाय."

३. (हा परिच्छेद पेन्सिलीने आहे, क्षमस्व. पेन शौनकच्या मुठीत आहे आणि तो आत्ताच झोपला आहे. काढले तर उठेल. शौनक माझा मुलगा, अडीच वर्षांचा.)

मी घड्याळ लावून नोंदी घेतल्या. दि. ७ ऑक्टोबर: मार चौदा, सुरू होण्यास पाच मिनिटे आठ सेकंद. दि. ८: यजमान तळोज्याला कंपनीत, मार शून्य, पाच मिनिटे सहा सेकंद. दि. ११: मार बत्तीस व एक लाथ, पाच मिनिटे नऊ सेकंद. अशा एकूण सव्वीस नोंदी आहेत. मार वाढवल्याने एक सेकंदही वाचलेला नाही.

ही वही मी विपुल यांना दाखवली. जेवताना दाखवायला नको होती, तेवढी चूक माझी. "माझ्यावर प्रॅक्टिकल करतेस काय गं?" असे म्हणून त्यांनी ताट भिंतीवर फेकले आणि धोपटणे माझ्या मनगटावर मारले. हाडाला चीर पडली. डावे मनगट होते, म्हणून हा अर्ज लिहिता येतो आहे. दवाखान्यात मी घसरले असे सांगितले.

४. आता वीजबचतीबद्दल, कारण आपल्या समितीचा मुख्य विषय तो आहे. फटक्यांनी दाराला सात पोचे पडले आहेत. वरच्या कोपऱ्यात रबर बसत नाही. दारात कागदाची पट्टी धरून दार लावले तर पट्टी अडकायला हवी. आमच्याकडे ती अलगद निघते. म्हणजे थंडी रात्रंदिवस बाहेर जाते आणि तो बिचारा न थांबता चालत राहतो. आपण जे पाच तारे देता ते मार न खाल्लेल्या फ्रिजला देता. एकदा घराघरांत जाऊन मार खाल्लेल्यांचीही चाचणी घ्यावी. वरून सगळे शाबूत दिसते, आत दूध आंबलेले असते.

५. हे नियमांच्या कक्षेबाहेरचे वाटेल, तरी वाचावे. शौनकला बोलता येण्याआधी फ्रिजला मारता येत होते. वीज आली की तो प्लास्टिकची बॅट घेऊन बाबांच्या शेजारी उभा राहतो आणि "चालू हो, चालू हो" म्हणत मारतो. घरात सगळ्यांनी हसून त्याचे कौतुक केले. मीसुद्धा. मोबाइलमध्ये व्हिडिओ आहे.

दि. २९ ऑक्टोबर रोजी अंगणवाडीत बाईंनी पायल नावाच्या मुलीला गाणे म्हणायला उभे केले. ती लाजून गप्प राहिली. शौनक उठला, लाकडी ठोकळा घेतला आणि तिच्या कपाळावर मारला. भुवईच्या वर तीन टाके पडले. बाई सांगत होत्या की रक्त आल्यावरही तो घाबरला नाही. वाट बघत उभा राहिला, आता ही गाईल म्हणून. पायलच्या आईने मला सगळ्यांसमोर विचारले, "घरात काय शिकवता हो याला?" महोदय, मी तिला फ्रिजचे सांगू शकले नाही. सांगितले असते तर तिने मला वेडी ठरवले असते. आपण तज्ज्ञ आहात, आपल्याला कळेल.

६. यापुढचा मजकूर मी दिघा येथून, वडिलांच्या घरी लिहीत आहे.

दि. ९ नोव्हेंबर, रविवार. वीज अकरा वाजता गेली, बारा वाजून दहा मिनिटांनी आली. विपुल धोपटणे घेऊन उठले. फ्रिजला टेकून शौनक गाडी खेळत होता, म्हणून मी मध्ये उभी राहिले. "पाचच मिनिटं थांबा, आपोआप होतो," एवढेच बोलले. पहिला फटका खांद्यावर, दुसरा कानावर. तिसऱ्याला धोपटण्याचा दांडा मोडला. मग त्यांनी केस धरून माझे डोके फ्रिजच्या दारावर आपटले, किती वेळा ते मोजायचे राहिले. खाली पडल्यावर पोटात लाथ बसली, मग बरगडीत. तेवढ्यात फ्रिज सुरू झाला, आणि विपुल थांबले. फ्रिज सुरू झाला म्हणून थांबले. सासूबाई म्हणाल्या, "झाला ना चालू? बस झाला आता." विपुल त्यातली बाटली काढून पाणी प्यायले आणि खाली गेले.

मी ओट्याशी पडून होते. शौनक आला. त्याच्या हातात तो मोडलेला दांडा होता. त्याने माझ्या पाठीत मारले. रागाने नाही. त्याला भूक लागली होती आणि माझी काळजीही वाटत होती. "आई, चालू हो ना." दोन, तीन, चार. सहाव्या फटक्याला मी उठले. तोंड धुतले, भात कालवला, त्याला भरवला. तो इतका खूश झाला की त्याने माझ्या तोंडातही एक घास घातला. मार मी पाच वर्षे खाल्ला आहे, पण त्याच्या त्या खुशीची जेवढी भीती वाटली तेवढी कशाचीच वाटली नव्हती. मी उठायला नको होते. सहा फटके, आई चालू, अशी नोंद माझ्या मुलाच्या मनात मी स्वतः करून दिली.

दुसऱ्या दिवशी विपुल कंपनीत गेल्यावर मी त्याला घेऊन निघाले. सासूबाईंनी अडवले नाही. "जा. पन पोराला जेववून ने," म्हणाल्या.

७. येथे मी रोज जमिनीवर मुद्दाम आडवी होते. पहिल्या दिवशी शौनकने पळी आणली. नऊ फटके, मी उठले नाही. मग तो रडला. रडतानाही उठले नाही, ते सगळ्यात कठीण गेले. आप्पा, म्हणजे माझे वडील, दारातून ओरडले, "अगं, पोराचा जीव जाईल, ऊठ!" मी पडल्या पडल्या मोठ्याने आकडे म्हणत राहिले आणि तो शांत बसल्यावर उठले. दुसऱ्या दिवशी सात फटके. पाचव्या दिवशी दोन. काल त्याने पळी आणली, जरा वेळ उभा राहिला, पळी खाली ठेवली आणि माझ्या कुशीत शिरला. त्याला दहापर्यंत येते, मधले सहा-सात गाळून. त्याने मोजले. मी उठले.

तरी समितीस विनंती अशी. दिवा दारावरच असावा, लहान मुलाच्या आणि रागावलेल्या माणसाच्या नजरेला पडेल अशा जागी. उरलेली मिनिटे मोठ्या आकड्यांत, मराठीत उतरत जावीत. शिवाय त्या वेळात मार बसल्यास फ्रिजने आणखी पाच मिनिटे थांबावे. प्रत्येक फटक्याला आणखी पाच. अशी रचना आजच्या काळात अवघड नसावी. मग कुणाच्या हातून चुकीचे अनुमान निघणार नाही.

हा दिवा मी माझ्यासाठी मागत नाही. नावड्याच्या घरात वीज परत येते तेव्हा फ्रिजजवळ आता सासूबाई एकट्या असतात. त्यांचे वय बासष्ट आहे. शौनकला शिकवायला मला आठ दिवस लागले, तो अडीच वर्षांचा आहे. विपुल बत्तीस वर्षांचे आहेत. त्यांना शिकवायला मी परत जाणार नाही.

वर लिहिलेला नावड्याचा पत्ता कृपया खोडावा. उत्तर दिघ्याच्या पत्त्यावर पाठवावे, ते माझ्याच हातात पडेल.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून,

मनस्वी मढवी
दिघा, नवी मुंबई
दि. १९ नोव्हेंबर २०२५

सोबत:
१. सव्वीस नोंदींच्या वहीची प्रत.
२. माहितीपुस्तिकेचे पान ३१.
३. कागदाची पट्टी, दाराची चाचणी कशी घ्यावी हे मागे लिहिले आहे.
४. डोक्याच्या टाक्यांचा व बरगडीचा वैद्यकीय दाखला जोडलेला नाही. तो आज सकाळी पोलीस ठाण्यात तक्रारीसोबत दिला आहे.