उद्या लॅपटॉप बंद पडला तर

आप्पा, उद्या संध्याकाळी आपल्या गावच्या उरुसात मला वाजवायचंय. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी भीती वाटली की सांगायला तुम्हीच आठवता. हलगी नाही, लॅपटॉप वाजवणार आहे. लोकांसमोर एकेक ठेका भरायचा, त्यावर दुसरा चढवायचा, त्यांचा रंग बघून तिथल्या तिथं बदलायचा. मामा कारेगावला माझ्या खोलीवर आले होते तेव्हा त्यांना हे समजावलं, तर म्हणाले, "आगं, पर तू वाजवतीस का मशीन वाजवतंय, हे आमाला कसं कळायचं?" मी हसण्यावारी नेलं. पण तो प्रश्न काही पाठ सोडत नाही.

तुमचं सगळं दिसायचं. तळेगावच्या बाजाराच्या पटांगणात तुम्ही उसाचं पाचट पेटवून हलगी शेकताय, आणि नुसता जाळ बघूनच माणसं गोळा होताहेत. मी दहा वर्षांची, शेजारी उभी राहून तुमच्या बोटांकडं बघतेय. तुम्ही खेकसताय, "हाताकडं काय बघती? माणसांकडं बघ. त्यांचा पाय थांबला की समजायचं, आपलं चुकलं." त्या दिवशी हवा दमट होती. ऐन रंगात हलगी ढिली पडली आणि तुम्ही सरळ थांबलात. "जरा दम धरा पावनं, कातडं उतरलंय," म्हणालात आणि परत पाचट पेटवलंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण एक माणूस हलला नाही. उलट कुणीतरी आणखी पाचट आणून दिलं.

मला हे जमलं नाही, आप्पा. गेल्या महिन्यात पुण्यात, भरल्या हॉलमध्ये, लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम मधेच बंद पडला. आवाज गेला. समोर नुसते चेहरे. मी घाबरून घरी रेकॉर्ड करून ठेवलेली फाईल लावली. पुढं संपेपर्यंत मी लॅपटॉपशेजारच्या यंत्रावरची बटणं फिरवत राहिले, आणि त्यातलं एकही त्या आवाजाला जोडलेलं नव्हतं. लोक कधी नव्हे इतके नाचले. नंतर एक मुलगी येऊन म्हणाली, "ताई, काय हात चालतात तुमचे." मी थँक्यू म्हणाले. लाज वाटलीच, पण हे इतकं सोपं आहे याची भीती जास्त वाटली.

उद्या समोर मामा असतील, तुमच्या हलगीवर लेझीम खेळलेले म्हातारे असतील. त्यांचे पाय थांबले तर? आणि थांबलेच नाहीत, पण मी खोटी असले तर? या दुसऱ्याचीच मला जास्त धास्ती आहे. मघाशी मामांना फोनवर म्हणाले, "बंद पडलं तर मी थांबेन, मामा." ते म्हणाले, "मग थांब की. आमी कुठं पळून चाललोय व्हय?"

हे पत्र त्याच लॅपटॉपवर लिहितेय. पाठवायचं तर कुठं पाठवणार? मामांना शब्द दिलाय खरा. पण ती फाईल अजून इथंच आहे, आप्पा. सकाळपासून तीनदा पुसायला गेले आणि पुसली नाही.