पाहुण्यांचा झोन

४ मार्च, सोमवार

आजपासून झोनचं काम सुरू. आमच्या लेबल छापणाऱ्या कारखान्यात आजवर सगळं एकाच नेटवर्कवर. छपाईची यंत्रं, हिशेब, कॅमेरे, आलागेला पाहुणा, सगळे एकमेकांच्या ताटात हात घालतात. ओंगळ प्रकार. मी चार झोन करणार: ऑफिस, यंत्रं, कॅमेरे, पाहुणे. मध्ये फायरवॉल. मी परवानगी देईन तेवढंच इकडचं तिकडे जाईल.

महिनाअखेरीस औषध कंपनीचा तपासनीस येतोय. बाजारात न आलेल्या औषधांची लेबलं आमच्याकडे छापतात, ती भलत्याच्या हाती लागत नाहीत ना, हे तो बघणार. शेरा चांगला आला तर मी कायम, असं मॅनेजरसाहेब म्हणाले. वाईट आला तर काय, हे मी विचारलं नाही. गरज वाटली नाही.

नेटवर्कच्या स्विचचं कपाट उघडलं. आत ओलं फडकं, कुणाच्या तरी चपला आणि अर्धं खाल्लेलं सफरचंद. सफरचंदाला लव फुटलेली. उलटी आवरली. संकल्प: कपाटाला कुलूप.

५ मार्च, मंगळवार

घरी झोन समजावले. घरात पदवी घेतलेली मी एकटी, तेव्हा ही जबाबदारी माझीच. आई म्हणाली, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या खोलीत बसायचं आणि मीठ लागलं की तुला विचारायचं? म्हटलं, अगदी बरोबर. ती म्हणाली, अगं मग जेवायचं कधी? आईला सुरक्षेची जाण नाही. धाकटा म्हणाला, ताई, एवढं शिकून वॉचमनच झालीस की. बाबा त्याच्यावर खेकसले आणि शेजारी जाऊन मुलगी कायम झाल्याचं सांगून आले. झाली नाहीये अजून. पण होणारच आहे, म्हणून दुरुस्ती केली नाही.

११ मार्च, सोमवार

झोन लागले! सकाळपासून कल्लोळ. हिशेबवाल्या काकांची प्रिंट निघेना. प्रिंटर यंत्रांच्या झोनमध्ये, काका ऑफिसच्या. काका म्हणाले, पोरी, हात लांबवला तर प्रिंटरला लागतो माझा, आणि तू म्हणतेस परवानगी नाही? म्हटलं, फॉर्म भरा, दोन दिवसांत बघते. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना भरल्या ताटावरून उठवलं.

त्यांचा कीबोर्ड तपासायला हातात घेतला. उलटा केला तर बिस्किटांचा चुरा, नखं आणि कोंडा. हात तीनदा धुतले. अशा माणसांना मी तत्त्वं शिकवायची.

दुपारी सेल्सच्या बाई. ग्राहकाला त्याच्या लॅपटॉपवरून नमुना छापायचा होता. पाहुण्यांच्या झोनमध्ये एकाच्या कॉम्प्युटरला दुसऱ्याचा दिसत नाही, तसं मीच केलंय. बाई म्हणाल्या, अगं, ग्राहक समोर बसलाय. त्याला काय सांगू, आमच्याकडे एक मुलगी आहे, ती नाही म्हणते? मग एक छोटा प्रिंटर त्या झोनमध्ये टाकला आणि तिथल्यांना एकमेकांसाठी खुलं केलं. अगदी तात्पुरतं. उद्या बंद.

१२ मार्च, मंगळवार

बंद करायचं राहिलं. कामं फार.

शिवाय रिसेप्शनवाली सारखी फोन करते, पाहुणा आलाय, पासवर्ड द्या. शेवटी पाहुण्यांचा पासवर्ड ठरवायचे अधिकार तिलाच देऊन टाकले. जबाबदारी वाटून देणं हेच खरं नेतृत्व.

१५ मार्च, शुक्रवार

फॉर्मचा ढीग. बहुतेक नाकारले. 'लागतं म्हणून' हे कारण होऊ शकत नाही. एकाने कारणाच्या जागी नुसता उसासा लिहिलाय.

फोरमन म्हणाले, मॅडम, आधी डिझाइनची फाइल यायची. आता नुसत्या तुम्ही येता. सगळे हसले. तोंडातली तंबाखू उडेपर्यंत हसले. माझ्या बाहीवर. घरी जाऊन कुर्ता दोनदा धुतला.

संकल्प: चिडायचं नाही. सुधारणा करणाऱ्याला हे सोसावंच लागतं.

१९ मार्च, मंगळवार

शांतता. एकही फॉर्म नाही. फायरवॉलने अडवलेलं जवळपास काही नाही. ऑफिस झोनमधली वर्दळ तर इतकी घटली की आधी यंत्र बिघडलं असं वाटलं. बिघडलेलं नाही. फालतू ब्राउझिंग थांबलं, एवढंच. शिस्त लागायला आठवडा पुरतो. सांगणारा ठाम हवा.

काका स्वतःहून हसले. म्हणाले, झकास चाललंय पोरी, आता कशाला हात लावू नकोस. भरून आलं.

२२ मार्च, शुक्रवार

पाहुण्यांच्या झोनमधली वर्दळ मात्र कितीतरी पटीने वाढली. म्हणजे ग्राहक वाढले. साहेबांच्या कानावर घालायला हवं.

सकाळी रिसेप्शनपाशी घोळका असतो. काका, फोरमन, सेल्सच्या बाई, सगळे मोबाइल काढून उभे. खिदळत असतात. मी गेले की पांगतात. अधिकार आला की माणूस एकटा पडतो, चालायचंच.

तो 'तात्पुरता' बदल आठवला. सोमवारी नक्की.

२७ मार्च, बुधवार

तपासनीस आला. नीटनेटका माणूस, नखं स्वच्छ. बरं वाटलं. मीटिंगच्या खोलीत बसला, पाहुण्यांच्या वायफायवर गेला आणि म्हणाला, हे काय दिसतंय?

काकांचा कॉम्प्युटर दिसत होता. त्यात 'सगळ्यांसाठी' नावाचा फोल्डर. पासवर्ड नाही. आत काकांचे हिशेब, सेल्सच्या बाईंचे दर, फोरमनची डिझाइनं. आणि तपासनिसाच्याच कंपनीची, बाजारात न आलेल्या औषधाची लेबलं.

त्याने पाहुण्यांच्या झोनमध्ये कोण कोण आहे ते दाखवायला सांगितलं. दाखवलं. आख्खी कंपनी. मॅनेजरसाहेबसुद्धा.

मग म्हणाला, आता ऑफिस झोन दाखवा. दाखवला. एकच कॉम्प्युटर. माझा.

तो म्हणाला, हा झोन उत्तम बांधलाय, यात कुणी शिरू शकणार नाही. दारात उभे असलेले काका म्हणाले, शिरायचंय कुणाला?

किळस आली. कुणाकुणाची, ते लिहीत नाही.

२८ मार्च, गुरुवार

औषध कंपनीने काम थांबवलंय. साहेब म्हणाले, झोन बाहेरची मंडळी येऊन करतील. मला म्हणाले, तू हुशार आहेस, तुला कुठेही मिळेल. म्हणजे इथे नाही. उद्यापासून यायचं नाही.

पाहुण्यांचा तेवढा ठेवून बाकीचे माझे झोन मीच काढायचे होते. काढले. सकाळपासून माझा कॉम्प्युटर कशालाच जोडलेला नाही. बाबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी शेजारी पेढे वाटू नयेत म्हणून सकाळी मी नुसतं म्हणाले, थोडं थांबा.

दुसरीकडे अर्ज करायचे तर नेट हवं. रिसेप्शनवर गेले, आजचा पासवर्ड विचारला. मला वाटलं हसेल. हसली नाही. कागदावर लिहून दिला. म्हणाली, उभ्या का मॅडम, बसा ना. पाणी आणू?

पाहुण्यांच्या सोफ्यावर बसले. पाणी प्यायले. नेट मात्र फारच फास्ट होतं.