दत्तूचं नाव दगडावर

८ डिसेंबर १९७३
चावडीत कमिटीची बैठक. गावच्या नव्या हुतात्मा स्तंभावर सहा नावं. चेअरमन रिटायर सुभेदार, सेक्रेटरी मी. नियम त्यांचाच: लढाईत पडला त्याचंच नाव. फौजेत माझ्या गाडीवर असलेल्या दत्तूचं नाव निघालं तसे सुभेदार म्हणाले, "त्यो एकाहत्तरची लढाई संपल्यावर दीड म्हैन्यानं गेला. कागदावर अपघात हाय." मी वहीत तसंच लिहून घेतलं. गाडी मी चालवत होतो हे गावाला माहीत आहे. माझा डोळा लागला होता हे फक्त मला.

१० डिसें.
सकाळीच दत्तूची आई बायजाबाई दारात. पाणी दिलं, घेतलं नाही. "हवालदार, तुमी व्हता तितं. तुमी बोला की." म्हटलं, कागद आडवा येतो. "कागदाला तोंड न्हाई. तुमास्नी हाय."

१४ डिसें.
रोज येते. जोत्यावर बसते, बोलत नाही, उठून जाते. आज कवठ्याच्या बाजारातही मागे मागे. भर बाजारात ओरडलो, "दगडावर लिहून पोरगा परत येणार आहे का?" लोक बघत राहिले. लाज वाटली. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

१९ डिसें.
सांगितलं. चावडीत उभा राहून. रस्त्यात सुरुंग दिसला, दत्तूनं मला दारातून बाहेर लोटलं, स्वतः राहिला. फौजेच्या चौकशीत स्टेअरिंग अडकलं म्हणालो होतो, इथे सुरुंग. तिसऱ्यांदा कुणी विचारलं तर विमान आणीन. सुभेदारांनी डोळे पुसले. "आसं व्हतं तर दोन वर्सं का लपिवलं गड्या?" म्हटलं, बोलवत नव्हतं. एवढं मात्र खरं.
नाव सातवं.

७ जानेवारी १९७४
पाथरवट बसलाय. छिन्नीचा आवाज घरापर्यंत. मला विचारतो, नावाआधी शहीद घालू का? म्हटलं, घाल.

२६ जाने.
अनावरण. रीत अशी ठरली की ज्या त्या घरच्या बाईनं आपल्या विहिरीचं पाणी आपल्या माणसाच्या नावावर घालायचं. बायजाबाईनं घागर मला धरायला लावली. मग मला माईकवर ते सगळं पुन्हा सांगावं लागलं. टाळ्या. शाल, नारळ. माझ्या लंगड्या पायाकडे बोट करून पाहुणे बरंच बोलले. पाय मोडला तो कालव्यात, गाडी उलटली तेव्हा.

३ फेब्रु.
बायजाबाईचं जेवायला बोलावणं. भाकरी, पिठलं, वर तूप. ताटावर बसलो आणि ती म्हणाली, "दत्तूचं शेवटचं पत्र त्यो गेल्याची तार आल्यावर आलं. भाचीनं वाचलं." तिला पाठ आहे ते, म्हणून दाखवलं: हवालदार गाडीवर डुलक्या घेतात, मी बोलत ऱ्हातो म्हंजे जागं ऱ्हातील, पर मलाबी झोप येती.
म्हटलं, "मग चावडीत का नाही बोललात?"
"बोलले असते तर तुला आत घातलं असतं. मंग नाव कुनी लावलं असतं?" आजवर हवालदार, तुमी. आज अरे-तुरे.
"आता दर सोमवारी यायाचं. त्यो सुरुंग सांगायाचा."
"ते खोटं आहे."
"ठावं हाय. तुज्याच तोंडून पायजे."
ताट संपेपर्यंत उठू दिलं नाही.

११ फेब्रु.
गेलो. सांगितलं. डोळे मिटून ऐकत होती, मधे मधे "व्हय, व्हय." मला वाटलं होतं रडेल. नाही रडली. बायको विचारते, कुठे जाता? तिला काय सांगणार. इतका राग मला शत्रूचाही आला नव्हता. ती मरावी असं वाटतं, लिहूनच टाकतो.

१८ फेब्रु.
आज मधेच थांबवलं. "तुला लोटताना त्यो काय म्हनला?"
म्हटलं, काही नाही.
"सुरुंगाचं सोड. खरं इच्यारते. जाताना काय म्हनला?"
मी झोपलो होतो. ओरडला असेल, मला हलवलं असेल, हाक मारली असेल. मला काहीच ऐकू आलेलं नाही. म्हटलं, आठवत नाही.
"मंग आठव. फुडच्या सोमवारपातुर."
वाटेला भाकरी बांधून दिली. आईला हाक मारली म्हणून सांगितलं तर तिला बरं वाटेल. सगळं खोटं बोललो, पण एवढं एक बोलवेल असं वाटत नाही.