खाडीकाठचे पहिले पाहुणे

ठाणे, रविवार, जानेवारी १९५२

आज आमच्या खाडीकाठच्या खोल्यांत पहिले पाहुणे आले! हवापालटासाठी मुंबईकर इथे येतील म्हणून ह्यांनी नोकरी सोडून मिठागराशेजारी त्या बांधल्या, तेव्हा सगळी आळी हसली होती. चिखल बघायला कोण येणार?

आणि ते आले तेव्हा नेमकी ओहोटी. गिरगावातले एक निवृत्त मास्तर आणि आजारातून नुकत्याच उठलेल्या त्यांच्या पत्नी. समोर नुसता चिखल बघून मास्तर म्हणाले, "पाणी कुठाय?" ह्यांचा चेहरा उतरला. मीच कशी पुढे झाले, कोण जाणे. "दुपारी येतं," म्हटलं, जसं काही ते आमच्या घरचंच!

जेवण वाढतानाही माझं लक्ष त्या चिखलावरच होतं. मग खरंच पाणी चढलं आणि पायऱ्यांना लागलं. बाई काठी टेकत खाली उतरल्या, पाण्यात पाय सोडून बसल्या. मास्तर वरून ओरडले, "अगं, सर्दी होईल!"

"होऊ दे हो. तुम्हीच या खाली."

आणि मास्तर धोतर सावरत गेलेच की!

संध्याकाळी बाई स्वयंपाकघरात आल्या. "आठ दिवसांचं ठरलं होतं. महिनाभर राहिलो तर चालेल का?"

मी हो म्हटलं आणि त्यांच्यासमोरच रडू लागले. वेडीच मी! त्यांनी मला पाटावर बसवलं आणि चहाचं आधण स्वतःच ठेवलं.