ठेंगणीला रुंद करताना

१० जानेवारी
ठेंगणी, म्हणजे आमची गाडी, आज रफीकभाईंच्या शेडमध्ये गेली. दोर बांधून, त्यांच्या टेम्पोमागे. मी म्हटलं होतं, मूल गावच्या रोडपर्यंतच तर जायचं, मी नेते चालवत. आपली दुसरी, पांढरी गाडी विकेपर्यंत रोज शाळेत शिकवायला जाताना नेत होतेच की. प्रभाकर म्हणाले, "राहू दे. हिचा क्लच मले समजते, दुसऱ्याले नाई." स्वतः स्टिअरिंग धरून बसले आणि टेम्पोनं ओढत नेलं. मी स्कूटरवर मागे, वरातीत असावं तशी.

दिवाळीनंतर त्यांच्या डाव्या पायाला लकव्याचा झटका येऊन गेला (लहानच होता म्हणतात), तेव्हापासून गाडी पोर्चमध्ये कापडाखाली आणि हे खिडकीत. कोण कोणाकडे बघत होतं कळत नव्हतं. रफीकभाईंना फोन मीच केला. प्र. ना ते सांगितलेलं नाही.

१३ जानेवारी
प्र. ना स्कूटरवर मागे बसवून शेडमध्ये नेलं. डावा पाय हातानं उचलून फूटरेस्टवर ठेवतात. मला आरशात दिसतं. मी आरसा पुसत असते.

रफीकभाई ताडोबाच्या रिसॉर्टसाठी फायबरचे वाघ करतात. गेटवर बसवायचे. त्यांची धाकटी माझ्या वर्गात होती म्हणून मला अजून टीचर म्हणतात. शेडभर वाघ, एकाला शेपूट नाही, एकाला तोंड नाही. त्यांच्या मधोमध आमची ठेंगणी, विटांवर चढवून ठेवलेली. दोन सीट, दोन दारं, नागपूरच्या एका प्रोफेसरांनी इंग्लंडहून येताना आणलेली जपानी गाडी. आम्ही घेतली तेव्हाच वयस्क होती. इतकी बुटकी की सिग्नलला बकऱ्या सरळ डोळ्यांत बघतात.

प्र. नी माजरीच्या खाणीत नोकरीला असतानाच हौसेनं तिला रुंद चाकं बसवली. ती मडगार्डच्या बाहेर येतात, चिखल खिडकीपर्यंत उडतो. आता चारी मडगार्ड कापायचे आणि वर फायबरचे फुगीर पॅनल चढवायचे. चाकं झाकली जातील, गाडी अंगानं भरेल. ह्याची चित्रं काढण्यात वर्षं गेली. पेपरच्या कडेला, लाइटबिलाच्या पाठीवर, एकदा लग्नपत्रिकेवर.

रफीकभाई म्हणाले, "प्रभाकरभाऊ, मी बंपर केले, वाघ केले. गाडीचा वाघ नाई केला अजून."
"मंग कर ना बावा आरामात. मी कुठी पळून राह्यलो?"
पायावरून स्वतःच केलेला पहिला विनोद. मी वाघांकडे बघत राहिले.

१७ जानेवारी
नागपूर. डॉक्टरांचं म्हणणं, क्लच तळापर्यंत दाबून धरता आला पाहिजे, मग गाडी चालवण्याचं बोलू. तोवर व्यायाम. घरी आल्यावर प्र. माझ्या शिलाईच्या पायमशीनकडे बघत बसले.
"मालती, ह्याचं पायडल किती जड हाये?"

२० जानेवारी
आता रोज हेच. मी मशीनपुढे, प्र. शेजारी स्टूल घेऊन, त्यांचा डावा पाय पायडलवर. ते चालवतात, मी कापड सरकवते. टाके कुठे हातभर लांब, कुठे एकावर एक. चाक मध्येच उलटं फिरतं आणि दोरा तुटतो.
"तुझी मशीनच खराब हाये."
"हो का. तीस वर्षं बरी होती."
शेजारच्या ताईंचं ब्लाउज दुपारी उसवलं, एकटीनं पुन्हा शिवलं.

२३ जानेवारी
मडगार्डचं माप. रफीकभाई नजरेनं माप घेतात. म्हणे वाघाले कोन टेप लावते. प्र. ना डावं-उजवं तंतोतंत पाहिजे. दोघांचं जुंपलं. शेवटी मी खाकी कागद आणला, चाकाभोवती धरून बेतला, दोन बोटं माया सोडून कापला, आणि तोच उलटा करून पलीकडे लावला. आमच्या शिवणाच्या सिस्टर बेनेडिक्टा बाकांमधून फिरायच्या, हातात फूटपट्टी. आधी कागद, मुलींनो. कापड परत मिळत नाही. किती वर्षांनी तो आवाज आला कानात. शाळेच्या शिवणवर्गाचा वाससुद्धा, मेण आणि कोऱ्या कापडाचा.
शिवणाच्या खडूनं रेघ मारली. बाटलीसारख्या हिरव्या रंगावर पांढरी. छान दिसत होती. उगाच.

२५ जानेवारी
कापली.
मी बघणार नव्हते. ग्राइंडर लागला तेव्हा प्र. नी मागच्या मडगार्डवर हात ठेवला, गाईला सुई टोचताना धरतात तसा. ठिणग्या वाघांवर. तुकडा खाली पडला, त्याच्या आतल्या बाजूला जुना चिखल वाळून बसलेला. व्याहाडजवळ वैनगंगेच्या काठापर्यंत गाडी उतरवली होती, तो तर नसेल? आमची शलाका तेव्हा दहा वर्षांची. आम्हा दोघांच्या मध्ये, गिअरला गुडघा लागू न देता, श्वास धरून बसायची. गडचिरोलीपर्यंत. रस्त्यावर मोहाची फुलं पडलेली, काचा खाली, गाडीत तो वास दोन दिवस होता.
आता शलाका तिथेच नोकरीला. तिला भेटायला एकदा ठेंगणीनंच जायचं, असं प्र. नी तिला दवाखान्यात असताना कबूल करून ठेवलंय. तेव्हा त्यांची जीभही नीट वळत नव्हती.

७ फेब्रुवारी
मागच्या चाकांवर मातीचा आकार चढवला. ह्यावरून साचा, साच्यात फायबर. रफीकभाईंचा हात वाघाला सरावलेला. गेले मडगार्ड करायला, झाली वाघाची मांडी. गाडी दबा धरून बसल्यासारखी दिसते. मला वाटलं प्र. चिडणार. त्यांनी एक फेरी मारली, भिंतीला धरून. "राहू दे असंच," म्हणाले. त्यांच्या इतक्या चित्रांत हे कुठेच नव्हतं.

संध्याकाळी श. चा फोन. सरकारी ऑफिसात असल्यामुळे तिला कशाकशाला परवानगी लागते ते पाठ.
"आई, गाडीचा आकार बदलला की आरटीओची मंजुरी लागते. आणि बाबा चालवणार कसे? तू त्यांना नादाला लावतेयस."
प्र. नी फोन ओढून घेतला. "वाघ कोनाले परमिशन मांगते?"
"बाबा, वाघाला नंबरप्लेट नसते."
शेवटी प्र. नी अर्ज करायचं कबूल केलं. मंजुरी येईपर्यंत फक्त शेडमागचं मैदान, रस्त्यावर नाही.
फोन ठेवल्यावर म्हणाले, "पोरगी तुझ्यावर गेली."

१९ फेब्रुवारी
फायबरची मॅट म्हणजे पांढरं, खरखरीत कापडच. रफीकभाईंना कापून दिली. लांब बाह्यांचं काही घालून जायला हवं होतं. हात नुसते खाजताहेत. प्र. नी खोबरेल चोळलं, एका हातानं माझं मनगट धरून.
"तुले कोन सांगतलं होतं तिथी हात घालाले?"
"ठेंगणीनं."
"तिचं नको ऐकत जाऊ. मी आयुष्यभर ऐकलं, पाह्य काय झालं."

२७ फेब्रुवारी
आज एक अख्खी बाही एका दमात शिवून झाली. मध्ये थांबले नाहीत. टाके जरा वाकडे, पण सलग. ही उसवणार नाही. माझंच ब्लाउज आहे.

८ मार्च
चारी पॅनल बोल्ट लावून बसवले. ठेंगणी इतकी देखणी दिसत होती की बाजूचा टायरवाला काम सोडून आला. पेढे मी नेलेच होते. मग गाडी विटांवरून खाली उतरवली. प्र. आणि रफीकभाई आत बसले, टायरवाल्यानं मागून ढकललं.
खर्रर्र.
गाडी वजनानं खाली बसली आणि चाक वर जाऊन पॅनलच्या कडेला घासलं. चारी बाजूंनी. दोन महिने गाडी विटांवर, चाकं लोंबकळत. सगळी मापं तशीच घेतलेली.
रफीकभाई उतरून खाली बसले, डोक्याला हात. "टीचर, माझे वाघ कधी उठत-बसत नाई ना. एकदा बसला की बसला."
प्र. म्हणाले, "मी खाणीत डंपर दुरुस्त केले अन् मले पन नाई समजलं." मग पेढा घेतला. रफीकभाईंनाही भरवला.

ब्लाउज हँगरवर बघायचं नसतं, घालणारीला उभं करायचं, बसवायचं, हात वर करायला लावायचे. मी रोज विटा बघत होते आणि एकदाही मनात आलं नाही.

११ मार्च
ठरलं. गाडी जमिनीवर, दोन्ही सीटवर माणसं, आणि मग पॅनलची कड कुठे कापायची त्या खुणा. आता रफीकभाईंना काटेकोरपणा चढलाय. खडू कानावर ठेवून विचारलं, "ड्रायव्हर साइडले कोन बसन? वजन वेगळं हाये दोघायचं. जो बसन त्याच्या हिशोबानं कापतो."
सरळ प्रश्न. जानेवारीपासून हा कोणी विचारला नव्हता. श. नं विचारला, पण फोनवर, आणि तिला विनोद करून टाळता येतं.
टायरवाल्याचा कॉम्प्रेसर तेवढा वाजत होता.
"मी," प्र. म्हणाले आणि उजवीकडे गेले.

दुपार आत बसून काढली. बाहेर रफीकभाई पोटावर झोपून खुणा करताहेत. पुढच्या काचेतून तोंड नसलेला वाघ. प्र. स्टिअरिंगवर अंगठा फिरवत होते. मूलचा रस्ता आता कसा असेल, सावली गावातला तो चहावाला असेल का, असं काहीबाही बोलत होते. बोलता बोलता उजवा हात खाली गेला, डाव्या गुडघ्याखाली घातला आणि पाय उचलून क्लचवर ठेवला. दाबला. अर्ध्यात थांबला. पुन्हा दाबला.
मी माझ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होते. उन्हात एक शेपूट वाळत घातलेली होती, तिच्याकडे.

१८ मार्च
परवा प्र. रिक्षा करून एकटेच शेडमध्ये गेले होते. मला बाजारात गेल्याचं सांगितलं. आज रफीकभाईंनीच बोलून टाकलं, त्यांच्या पोटात काही राहत नाही.
"भाऊ म्हणे, टीचरले उजवीकडं बसवून पन माप घे. दोन्ही तऱ्हेनं बसली पाह्यजे. म्या म्हटलं काऊन? तं म्हणे, तुले काय करायचं, तू काप."
"मग?"
"मंग काय, बसा तुम्ही इकडं. डावीकडं मी सिमेंटची पोती ठेवतो भाऊच्या वजनाची."
बसले. पोत्यांशेजारी. ह्या सीटवर मी आयुष्यात पहिल्यांदाच. सीट त्यांच्या पाठीच्या आकारानं दबलेली आहे, मी त्यात थोडी सैल होते. पेडलं लांब पडली. क्लच दाबून बघितला. जड आहे. पण जातो तळापर्यंत.
प्र. ना ह्यातलं काही बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. रात्री भाजी वाढताना मात्र "पोळी अजून एक घे" असं दोनदा म्हणाले.

२ एप्रिल
कडा कापून, घासून, पुट्टी भरून झाली. ढकलून बघितली, दोघं बसलो होतो, मी डावीकडे. आवाज नाही. नुसती सरकली. प्र. नी डोळे मिटले होते.
आज राखाडी प्रायमर. ह्या उन्हात सगळं भराभर वाळतं, तरी वाळायच्या आत कोळशाची धूळ येऊन बसली. बारीक काळे ठिपके. रफीकभाई म्हणतात, "चंद्रपूरचा कलर हाये टीचर, फुकटात भेटला." पुन्हा घासायचं म्हणाले. प्र. म्हणाले, हिरवा रंग मंजुरी आल्यावर, तोवर राहू दे ठिपके.
अर्ज दिलाय. फोटोसकट.

६ एप्रिल
शेडमध्ये क्लच. गुडघ्याला हात न लावता पाय उचलला आणि दाबला. तळापर्यंत गेला. राहिला नाही. पुन्हा गेला, पुन्हा सुटला.
परत येताना स्कूटरवर, घराजवळ आल्यावर कपाळ माझ्या पाठीला टेकवलं. गेट उघडायला उतरायला हवं होतं. थोडा वेळ उतरले नाही.

१४ एप्रिल
जयंती. पांढरी साडी, सकाळी विहारात वंदना. प्र. खाली मांडी घालून बसले आणि उठले, माझा हात न धरता. श. आली होती गडचिरोलीहून. तिनंही बघितलं. मग शेडमध्ये जाऊन ठेंगणी बघितली आणि बराच वेळ मागच्या पॅनलवर हात फिरवत राहिली.
"आई, ही तर बसलेली वाघीण आहे."
"रफीककाकांना सांग."
"कोण चालवणार?" हळूच विचारलं.
माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही.

२० एप्रिल
ठेंगणी तयार. बॅटरी नवी, तेल भरलं. मैदानात एक चक्कर मारायची म्हणून सकाळीच गेलो. प्र. नी इस्त्रीचा शर्ट घातला होता. किल्ली त्यांच्या खिशात.
रफीकभाईंनी गाडी ढकलत उन्हात आणून ठेवली, दोन्ही दारं उघडली आणि म्हणाले, "चहा सांगून येतो." चहावाला समोरच असतो, हाक मारली तरी येतो. तरी गेले.
प्र. पुढून निघाले, बोनेटला हात लावत. मी मागून, त्या वाघाच्या मांडीवरून हात फिरवत. दोघंही डाव्या दाराशी पोचलो.
"तू इथी काऊन?"
"मी इथेच बसते नेहमी. तुम्ही काय करताय इकडे?"
किल्ली त्यांच्या हातात होती, मूठ धड उघडी नाही, धड मिटलेली नाही. पलीकडे उजवं दार उघडं आणि ऊन सीटवर चढत होतं.
मग हसू आलं. आधी त्यांना. मी दाराला टेकले. रफीकभाई चहा घेऊन आले तेव्हा आम्ही दोघं तिथेच, डाव्या पॅनलला टेकून उभे. उभ्यानंच चहा प्यालो. तोवर सीट इतकी तापली की बसायची सोय राहिली नाही. रफीकभाईंनी दारं लावली. "उद्या ऊन व्हायच्या आत या. मी काही पाहत नाई, विचारत नाई."

घरी आलो. किल्ली नेहमीच्या खिळ्याला नाही. पायमशीनच्या फळीवर आहे, माझ्या कात्रीशेजारी. मी ठेवलेली नाही, आणि हलवलीही नाही.
प्र. स्टूल ओढताहेत. म्हणताहेत, "चल मालती, थोडंसं शिवून घेऊ."