नोव्हेंबरचं माप

काशगर, ११ मार्च १९९६

लाडके आयशेम,

तुला सलाम आणि माझ्या सनोबरला खूप पाप्या. आम्ही बरे आहोत. जर्दाळूला कळ्या आल्यात. तुझ्या नवऱ्याला रोज रश्श्यातल्या शेवया करून घालते. मीठ कमी म्हणून कुरकुरतो आणि तिसऱ्यांदा वाढून घेतो!

बसवाले याकुपकाका उद्या उरुमचीला निघतायत. त्यांच्यासोबत नान आणि बेदाणे पाठवलेत. खात जा गं. तूच आडवी झालीस तर लेकरानं कुणाकडे बघायचं?

तुझं पत्र चारदा वाचलं. मेंदूत गाठ, पुढच्या सोमवारी ऑपरेशन. दोन वर्षांचीसुद्धा नाही गं माझी चिमणी! सकाळी उठल्या उठल्या ओकायची, तर मी दृष्ट समजून हरमलाच्या बियांचा धूर करत बसले. शेजारची पाशाखान म्हणाली, "डोकं केवढं गं हिचं!" तर तिच्यावरच खेकसले, "तुझ्या डोळ्यांत माती पडो मेले!"

तिथल्या डॉक्टरीणबाई अशा प्रत्येक मुलाचं वहीत टिपून घेतात म्हणतेस. गाव कुठलं, पहिलं काय दिसलं, कधी दिसलं. आणि तू सांगितलंस, फेब्रुवारीत माझ्या हातून ओट्यावरून पडली, तेव्हापासून. तुझा नवराही तेच म्हणत होता, आणि मी मान डोलावत होते.

इथे दोनदा पेन खाली ठेवलं.

आयशेम, ते पडण्यानं झालेलं नाही. चाळीस वर्षं टोप्या शिवतेय मी. दोऱ्यानं डोकं मोजते, माप येईल तिथे दोऱ्यावर शाईचा ठिपका देते. नोव्हेंबरात सनोबरची टोपी घट्ट झाली. तू तंदुराशी गेलीस की मी शिवण उसवून पट्टी जोडायची. डिसेंबरात पुन्हा. जानेवारीत पुन्हा. पोराचं डोकं एवढं भराभर वाढत नाही, हे मला नाही कळणार तर कुणाला? पण वाईट बोललं की वाईट ओढवतं, या भीतीनं तोंड शिवून बसले. ती पडली तेव्हा मला हायसं वाटलं गं, दुसरं कारण मिळालं म्हणून. लाज वाटते लिहिताना.

आज दुपारी तुझ्या नवऱ्याला सगळं सांगितलं. ताटावरून उठून गेला. अजून आलेला नाही.

नानच्या गाठोड्यात तिची टोपी आहे, तीन पट्ट्या लावलेली, आणि ठिपक्यांचा दोरा. बाईंना दोन्ही दाखव. वहीतला फेब्रुवारी खोडून नोव्हेंबर लिहायला सांग. कुणाला दिसलं होतं विचारलं, तर माझं नाव सांग.

गाठोड्यातला दुसरा दोरा कोरा आहे. ऑपरेशननंतर डोक्याच्या मलमपट्ट्या सुटल्या की तिचं डोकं मोज, ठिपका दे आणि पाठव. तोवर मी सुईला हात लावणार नाही. मला माफ कर, नाहीतर नको करूस, पण दोरा पाठव.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी आई हानिपा