बुकात आहे तसं नाव

बाबा,

आज आईच्या डोळ्यांचे थेंब आणायला माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेले होते. आईही सोबत होती. बाकावर औषधांची पिशवी घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला ओळखलं. "वहिनी, मी इथं खिडकीवर असायचो. तुमच्या कार्डाचा घोळ माझ्याच टेबलावर झालेला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, हवालदारसाहेब, तुझे बाबा, लई चिडलेले माझ्यावर. माझीच नजर चुकली असंल गं." मी नुसती मान हलवली. काका, तुमची चूक नव्हती, एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि ते वाक्य मी तुमच्यापाशी घेऊन आले आहे.

तो फॉर्म आपल्या स्वयंपाकघरात भरला होता. तुम्ही सातिवलीच्या गोडाऊनवरची वॉचमनची ड्युटी संपवून आला होतात. आई खाली बसून केळफूल सोलत होती, बोटं चिकानं काळी झालेली. तिच्या डोळ्यात काचबिंदू निघाला होता, ऑपरेशन लांबवू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि बाहेर करण्याची आपली ऐपत नव्हती. सैनिकांच्या योजनेत तिचं कार्ड निघालं की सगळं सरकारकडून होणार होतं. तुम्ही लष्करातून सुटताना मिळालेलं डिस्चार्ज बुक माझ्यापुढे ठेवलंत. "बुकात हाय तसंच नाव लिव. आपलं डोकं नाय चालवायचं," म्हणालात आणि अंघोळीला गेलात.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, आपल्या घरातून तिथवर पोचलेली पहिली. त्याच आठवड्यात वर्गात लग्नानंतर बाईचं नाव बदलण्यावर चर्चा झाली होती आणि सगळ्यांत मोठ्यानं मी बोलले होते. ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं नाव ही बाई पुसून टाकण्याची पद्धत आहे, असं काहीतरी. बुकात तेच तांदळातलं नाव होतं. मी रकान्यात आईचं माहेरचं नाव लिहिलं. तिला तिचं काहीतरी परत देते आहे असं वाटून माझा ऊर भरून आला होता. ती दोन हातांच्या अंतरावर बसली होती. तिला विचारलं नाही. तुम्ही केस पुसत आलात आणि न वाचता सही केलीत. "पोरीनं भरलाय, त्यात काय बघायचं?"

दीड महिन्यानं उत्तर आलं, नाव जुळत नाही. तुम्ही विचारलंत, "बुकातलंच लिवलं होतंस ना?" मी म्हणाले, "हो. त्यांनीच टाईप करताना घोळ घातला असेल."

दुसऱ्या दिवशी खिडकीवर मी तुमच्या शेजारी उभी आहे. फौजेतल्या माणसाला कधी अरेतुरे न करणारे तुम्ही ओरडता आहात, "वीस वर्षं फौजेत काढली आनि तुला एक नाव धड उतरवता येत नाय? कोनी घेतलं रे तुला फौजेत?" खिडकीतले काकाही माजी सैनिकच. मूळ फॉर्म पुढे गेलेला, दाखवायला त्यांच्यापाशी काही नाही. ते खुर्चीवरून उठतात, टाचा जुळवतात आणि म्हणतात, "झाली असंल चूक, साहेब. परत पाठवतो." रांगेतलं कुणीतरी हसतं. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचते आहे, वरून खाली, पुन्हा वरून.

वसईच्या कोर्टात प्रतिज्ञापत्र, रेकॉर्ड ऑफिसला पत्रं, तुमचे हेलपाटे. कार्ड यायला आठ महिने लागले. तोवर आईचा डावा डोळा गेला होता. पुढे तुम्ही भेटेल त्याला त्या क्लार्कची गोष्ट सांगायचात, आणि मी पाहुण्यांपुढे चहा ठेवायचे. शेवटी माझ्याकडे बोट करून म्हणायचात, "आता घरातले सगळे कागद हीच बघते."

आता दर शनिवारी मी त्याच दवाखान्यात जवानांच्या विधवांचे फॉर्म भरून देते. प्रत्येकीचं नाव तिला तीनदा वाचून दाखवते. त्यांना वाटतं, मुलगी फार काळजी घेणारी आहे.

आज परतताना रिक्षात आई म्हणाली, "बिचारा. इतकी वर्षं मनात ठेवून बसला. तू काय बोलली का नाय त्याला?" मी विषय बदलायला विचारलं, "आई, तुला तुझं माहेरचं नाव आवडायचं?" ती हसली. "शी! म्हशीला हाक मारल्यासारखं वाटायचं. लग्नात तुझ्या बाबांना नाव सुचेना, तर मीच हळूच सांगितलं, हे लिवा म्हनून. माझं मीच निवडलेलं ते."

काकांचं घर कुठे ते आईला माहीत आहे. जाऊन यायला अर्धा तास पुरेल. मी गेले नाही. घरी येऊन तुम्हाला लिहायला बसले, कारण तुम्ही काही बोलणार नाही.

आई इथेच, टेबलापलीकडे मेथी निवडते आहे. मघाशी तिनं विचारलं, काय लिहितेस एवढं? मी म्हटलं, ऑफिसचं. सातवी शिकलेली आहे ती, उरलेल्या डोळ्यानं मोठं अक्षर अजून वाचते. म्हणून बाबा, हे सगळं मी होता होईल तेवढं बारीक लिहिलं आहे.